श्वासांचा तक्ता

मुरुड, जि. लातूर
२८ फेब्रुवारी १९८३

सिस्टर पंचशीला नरवाडे यांस,
स. न. वि. वि.

नांदेडहून निघताना आपण मला वॉर्डाच्या दारात थांबवून दम दिला होता, की दर आठवड्याला पत्र आलं नाही तर मी स्वतः मुरुडला येईन. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला तहसीलदारांनीही असा दम दिलेला नाही. म्हणून हे पहिलं पत्र वेळेत पाठवतो आहे.

पोर बरी आहे. बाळंतपणाला माहेरी हिमायतनगरला गेलेली आमची सून सिंधु सातव्या महिन्यातच मोकळी झाली, सव्वा किलोचा जीव आम्ही रेल्वेनं आणून तुमच्या स्वाधीन केला, आणि एकावन्न दिवसांनी तुम्ही तो पावणेदोन किलोचा करून परत दिलात. हे मी घरात रोज सांगतो, कारण आमची मंडळी, म्हणजे सरजाबाई, अजून तिला उंदराचं पिल्लूच म्हणते.

आपल्या सूचनेप्रमाणे तक्ता केला आहे. रकाने पाच : तारीख, वेळ, मिनिटाला श्वास, वजन, शेरा. सकाळी पोर झोपलेली असताना मी घड्याळ घेऊन बसतो, तिच्या पोटाकडे बघतो आणि पुरता एक मिनिट मोजतो. २३ तारखेपासून : ४८, ५१, ४७, ५३, ५०, ४९. शेरा : ठीक. वजन आज सकाळी किराणा दुकानाच्या तराजूत केलं. दुकानदारानं आधी पारड्यातली साखर झटकली. कापडाचं वजन वजा जाता एक किलो साडेसातशे ग्रॅम. हल्ली ऑफिसात मी दिवसभर विहिरींची खोली आणि टँकरच्या खेपा लिहितो, त्यामुळे आकडे लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

एक शंका. लाल शाईनं लिहिलेलं काही कारकुनाच्या नजरेतून सुटत नाही. आपल्या डिस्चार्ज कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं आहे, ‘२८ वा दिवस – होय.’ हे ‘होय’ कशाला?

ता. क. पत्त्यावर जि. लातूर लिहावं. आम्ही उस्मानाबादेतून फुटून सहा महिने झाले. निम्म्या फायली अजून तिकडेच पोत्यांत पडल्या आहेत, निदान पत्रं तरी सरळ इकडे यावीत.

आपला,
अण्णाराव सूर्यवंशी
अव्वल कारकून, टंचाई शाखा


नांदेड
५ मार्च १९८३

आदरणीय अण्णारावजी,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. खरं सांगते, मी ते उभ्या उभ्याच वाचलं. बारा वर्षं झाली मला या खोलीत. दिवस न भरलेली लेकरं येतात, आम्ही त्यांना जगवतो, घरी पाठवतो, आणि पुढे त्यांचं काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. पत्र पाठवतो म्हणणारे पुष्कळ असतात, पण पाठवलंत तुम्ही पहिल्यांदा.

आकडे चांगले आहेत. साठच्या आत असेपर्यंत घाबरायचं कारण नाही. पण नुसते आकडे पुरत नाहीत. श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, दूध पिताना ती मधेच थांबून दम घेते का, कपाळावर घाम येतो का, हे बघा. पिणं सोडून झोपत असेल तर तेही कळवा. आणि वजन दर आठवड्याला निदान दीडशे ग्रॅमनं वाढलं पाहिजे. तुमच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘ठीक’ एवढंच लिहून चालणार नाही.

सरजाबाई आंघोळीनंतर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून धुरी देणार, हे मला न विचारताही माहीत आहे. या पोरीला धूर अजिबात नको. चुलीच्या घरातही निजवू नका.

लाल शाईचं विचारलंत. ते आमच्या नोंदीसाठी असतं. त्याचं मनावर घेऊ नका.

पंचशीला नरवाडे


मुरुड, जि. लातूर
१४ मार्च १९८३

सिस्टर पंचशीलाबाई यांस,
स. न. वि. वि.

धुरी बंद केली. म्हणजे मी तसा तोंडी आदेश काढला. सरजाबाई म्हणाली, “धुरीबिगर लेकरू वाढतं का कुठं? माझी तीन वाढली न्हाईत का?” मी म्हटलं, सिस्टरबाई मुरुडला येतील. त्यावर शेगडी परसात गेली. तुमच्या नावाचा इकडे चांगला धाक आहे.

या पंधरवड्याचे आकडे : ५०, ५२, ५१, ५४, ५२, ५५, ५३, ५४, ५६, ५५, ५७, ५५, ५८, ५६. सगळे तुमच्या साठच्या आत. वजन गेल्या सोमवारी १८५०, आज १९००. बरगड्यांचं बघितलं. बारीक लेकराच्या बरगड्या दिसायच्याच, त्यात विशेष वाटलं नाही. पोर मात्र मोठी गुणाची आहे. रडणं जवळपास नाहीच. चार घोट पिते की सिंधुच्या मांडीवर लगेच झोपी जाते. सरजाबाई म्हणते, एवढं शहाणं लेकरू आपल्या घराण्यात झालं नव्हतं.

परवापासून माझी नेमणूक औसा-निलंग्याकडच्या गावांत टँकरच्या खेपा तपासायला झाली आहे. विहिरी आटल्यात, तलावात ढोरं बसतात आणि कागदावर टँकर रोज चार खेपा करतो. सकाळी साडेपाचच्या गाडीनं निघायचं, दिवे लागल्यावर परत. मुलगा नरसिंग उदगीरकडे रस्त्याच्या कामावर हजेरी घेतो, तो रविवारीच घरी येतो. तक्त्यात खंड पडणार नाही, याची खात्री बाळगा.

लाल शाईबद्दलचं उत्तर मी आमच्या ऑफिसात दिलं असतं तर साहेबांनी फाईल परत पाठवली असती.

अण्णाराव


नांदेड
१९ मार्च १९८३

आदरणीय अण्णारावजी,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आकडे साठच्या आत आहेत, पण ते वर चढतायत. फेब्रुवारीत सत्तेचाळीस होते, आता छप्पन्न-अठ्ठावन्न आहेत. एकेक दिवसाचं बघितलं तर कळत नाही, सगळे एका ओळीत लावले की दिसतं. आणि चार घोट पिऊन झोपणारी पोर गुणाची नसते हो. ती दमलेली असते. श्वास घ्यायलाच तिची सगळी ताकद जाते, मग प्यायला उरत नाही. आठवड्यात पन्नास ग्रॅम वाढली, ही काही वाढ झाली नाही.

तुम्ही गावोगाव हिंडणार असाल तर मोजायचं काम सिंधुकडे द्या. ती सातवी शिकलेली आहे. इथे असताना मी तिला शिकवलं आहे, आणि ती माझ्यापेक्षाही चांगलं मोजायची. बरगड्यांचं तिलाच विचारा. एकदम पोटभर दूध पाजण्यापेक्षा थोडं थोडं करून दहा वेळा पाजा. थकली तर दूध काढून बोंडल्यानं द्या.

या सोमवारचं वजन ताबडतोब कळवा. साधं कार्ड टाकलं तरी चालेल.

पंचशीला


मुरुड, जि. लातूर
२८ मार्च १९८३

सिस्टर पंचशीलाबाई यांस,
स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. दौऱ्यावर आहे. उद्या धुळवड, म्हणून आज घरी लवकर आलो आणि आधी तुमचं काम घेऊन बसलो.

आपली काळजी वाया जाणारी आहे, हे कळवायला मला आनंद वाटतो. १५ तारखेपासून आजपर्यंतचे श्वास : ५६, ५६, ५६, ५६, ५६, ५६, ५६, ५६, ५६, ५६, ५६, ५६, ५६, ५६. चढ थांबला आहे. वजन २१ तारखेला १९००, आजही १९००. तेही घसरलेलं नाही. घरात सर्व ठीक आहे. सिंधु थोडी गप्प असते, पण ती मुळातच कमी बोलणारी.

निलंग्याकडे एका गावात बायका मला घेरून उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणत होत्या, टँकर चार दिवसांतून एकदा येतो. माझ्या हातातल्या वहीत रोजच्या चार खेपा होत्या. वहीपेक्षा बायकांचा आवाज मोठा होता, एवढं सांगतो.

अण्णाराव


नांदेड
१ एप्रिल १९८३

अण्णारावजी,

चौदा दिवस सलग छप्पन्न?

बारा वर्षं मी श्वास मोजते आहे. जिवंत लेकराचे श्वास सकाळी एक, दुपारी दुसरे, कुशीवर एक, पाठीवर आणखी वेगळे असतात. भुकेल्या पोटी बदलतात, ताप आला तर बदलतात, दारात भांडं पडलं तरी बदलतात. चौदा दिवस एकच आकडा फक्त कागदावर येतो. हे श्वास कुणी मोजले ते मला सांगा. कुणीच मोजले नसतील तर तेही सांगा.

तार करणार होते. पण तार आली की घरात आधी रडारड होते आणि मग ती वाचली जाते, म्हणून पत्र पाठवते आहे. हे हातात पडेल त्या क्षणी पोरीच्या अंगावरचं कापड काढा, उजेडात निजवा आणि तुम्ही स्वतः मोजा. साठच्या वर असेल, बरगड्यांत खळगा पडत असेल, ओठांभोवती निळसर दिसत असेल, तर नांदेडची वाट धरू नका, तेवढा वेळ नसतो. लातुरात जिथे ऑक्सिजन असेल तिथे न्या.

मला तुमचा राग आला आहे, आणि भीती त्याहून जास्त वाटते आहे.

पंचशीला


लातूर
१३ एप्रिल १९८३

सिस्टरबाई,

तुमचं १ तारखेचं पत्र मला ९ तारखेला, शनिवारी दुपारी मिळालं. पाकिटावर तुम्ही ‘मुरुड, जि. उस्मानाबाद’ लिहिलं होतं. ते उस्मानाबादला गेलं, तिथे पडून राहिलं आणि मग शिक्का घेऊन इकडे आलं. इतर दिवशी मी यावर दोन ओळी विनोद केला असता.

ओसरीवरच वाचलं आणि तसाच आत गेलो. कापड काढलं. पहिल्यांदा बहात्तर आले. घड्याळावर शंका घेतली, पुन्हा मोजले, चौऱ्याहत्तर आले. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखाली वाटीएवढा खड्डा पडत होता. हे मी पंचवीस दिवस बघितलं नव्हतं, कारण मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

मी ओरडलो, कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही म्हणून. सिंधु माझ्यासमोर बोलत नाही, सासऱ्यासमोर बोलायची आमच्यात रीत नाही. ती दाराआडून सरजाबाईला म्हणाली, “आत्याबाई, सांगा त्यास्नी. चार दिस झाले, सत्तरच्या वर हाय. म्या रोज मोजून राहिले.”

सरजाबाई म्हणाली, “मग बोलली का न्हाईस गं?”

“मामंजींनी कागदावर छप्पन्न लिव्हलं हुतं.”

सिस्टरबाई, आमच्या ऑफिसात एक शब्द आहे, ‘वरीलप्रमाणे’. कालच्या ओळीत जे असेल तेच आज, असं मानून कारकून खाली तो शब्द लिहितो आणि पुढे सरकतो. १४ तारखेनंतर मी पहाटे निघायचो तेव्हा पोर आतल्या खोलीत सिंधुजवळ असायची. आल्यावर तक्त्यात ‘वरीलप्रमाणे’ लिहायचो. तुम्हाला पाठवताना कागद नीटनेटका दिसावा म्हणून मीच त्याचे आकडे केले. खोटं लिहितो आहे असं एकदाही मनात आलं नाही, हे सगळ्यात वाईट. सिंधुकडे काम द्या असं तुम्ही बजावलं होतं, तेही मी तिला सांगितलं नाही. तक्ता माझा होता ना.

नाक्यावर लातूरला भरायला निघालेला रिकामा टँकर मिळाला. केबिनमध्ये सिंधु पोरीला घेऊन बसली, सरजाबाई शेजारी, मी दाराच्या पायरीवर. इथल्या एका डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. आज पाचवा दिवस. काढला की ओठ काळे पडतात, म्हणून काढत नाहीत. उद्या पाडवा आहे, घरी गुढी उभारायला कुणी नाही.

डॉक्टरांनी विचारलं, जन्मल्यावर अठ्ठाविसाव्या दिवशी हिला ऑक्सिजन लागत होता का? मी तुमचं कार्ड पुढे केलं. त्यांनी लाल शाईवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं? ज्या लेकराला त्या दिवशीही ऑक्सिजन लागतो, त्याची फुप्फुसं दुखावलेली असतात, वर्ष-दोन वर्षं जपावं लागतं. ही खूण तुमच्या हातात होती.

मी छप्पन्न लिहिलं, जे नव्हतं. तुम्ही ‘होय’ लिहिलंत, जे होतं, आणि त्याचा अर्थ दोनदा विचारूनही सांगितला नाहीत. मला माहीत असतं तर मी त्या तक्त्याला टँकरची वही समजलो असतो का? मला उत्तर पाहिजे. आणि या वेळी जिल्हा नीट लिहा.

अण्णाराव सूर्यवंशी


नांदेड
१७ एप्रिल १९८३

अण्णारावजी,
जय भीम.

जिल्हा चुकला, तो सवयीनं चुकला. बारा वर्षं तुमच्याकडच्या लेकरांच्या कार्डावर मी उस्मानाबाद लिहीत आले आणि हात त्याच वळणानं गेला. तुम्हाला झाडताना मीही तेच करत होते. पाच दिवस त्या पत्राचे गेले, ते माझ्या नावावर आहेत.

आता लाल शाईचं सांगते, काही न ठेवता.

तीस जानेवारीला तिचा अठ्ठाविसावा दिवस होता. आमचे डॉक्टर मल्लिकार्जुन त्या दिवशी नळी बाजूला करून बघतात. पाच मिनिटांत तिचे ओठ बदलले. म्हणून ‘होय’. त्याचा अर्थ तुमच्या लातूरच्या डॉक्टरांनी सांगितला तोच. मला तो त्या दिवशीच माहीत होता. पुढे चौदा फेब्रुवारीला ऑक्सिजन सुटला, पण खूण पुसली गेली नाही.

का सांगितलं नाही? एक कारण म्हणजे मला तुमच्या घराची भीती वाटली. बाराव्या दिवशी सरजाबाई काचेतून बघत मला म्हणाल्या, “पोरगीच हाय ना?” मी मान हलवली आणि पुढचं ऐकायला थांबले नाही. मुलीची छाती अशक्त आहे असं ऐकून परत न आलेली तीन घरं मी बघितली आहेत. त्यातलं एक लेकरू आमच्याच खोलीत दोन महिने राहिलं, त्याला कुणी न्यायला आलं नाही. तुम्हीही तसेच निघालात तर, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर सरजाबाईंनी माझ्या हातचा चहा घेतला नव्हता. नको म्हणाल्या, आणि तासाभरानं बाहेरच्या टपरीवर जाऊन प्यायल्या. मी ते बघितलं होतं. त्याचा राग माझ्या मनात राहिला आणि मी त्यांच्या सगळ्याच बोलण्याला त्याच मापानं मोजलं.

दुसरं कारण मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही. एकोणीस जानेवारीला डॉक्टर बाहेरगावी होते, सात लेकरं होती आणि मी एकटी. तुमची पोर राखेसारखी झाली. मी सिलिंडरची चावी उघडली, आणखी उघडली. ती गुलाबी झाली. मग कमी करायला गेले की पुन्हा काळी पडायची, म्हणून दोन दिवस मी ती तशीच ठेवली. ऑक्सिजन कमी पडला तर असं लेकरू जातं, आणि जास्त झाला तर कोवळी फुप्फुसं आतून करपतात, त्यांना वण पडतात. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर जन्मलेल्या लेकराची फुप्फुसं मुळातच कच्ची असतात, तुमच्यामुळेच झालं असं कुणी म्हणू शकत नाही. तुमच्यामुळे झालं नाही, असंही ते म्हणाले नाहीत. तेच मनात असताना मी लाल शाईत ‘होय’ लिहिलं. तुम्ही अर्थ विचारलात तेव्हा मी नोंदीच्या मागे लपले.

आता पुढचं. वण पडलेला भाग तसाच राहतो, पण लेकराचं फुप्फुस अजून वाढायचं असतं. दोन-तीन वर्षं नवा, चांगला भाग वाढत जातो. त्यासाठी तिला दूध पोटात जायला हवं, वजन वाढायला हवं, धूर, धुरळा आणि सर्दी झालेली माणसं लांब हवीत. ती एवढे दिवस तगली आहे. ऑक्सिजन हळूहळू सुटेल, घाई करू देऊ नका.

मला माफ करा असं लिहिणार नाही, ते तुमच्या हातात आहे. फक्त आजचा आकडा कळवा.

पंचशीला


नांदेड
१२ मे १९८३

अण्णारावजी,

चार आठवडे झाले. रोज पोस्टमन येतो आणि मी खिडकीशी जाते. सोबतच्या नर्स मला हसायच्या, आता त्याही हसत नाहीत.

तुम्ही रागावला असाल तर रागवा, पण कोऱ्या कार्डावर एक आकडा टाका. आकडा टाकण्यासारखा उरला नसेल तर तसं लिहा. मी वाचेन. रविवारी सुट्टी घेऊन मुरुडला यायचं ठरवलं होतं, गाडीचं वेळापत्रकही विचारून आले, आणि मग पाय निघेना. दारात गेल्यावर मला काय ऐकायला मिळेल ते ठाऊक नाही.

नवीन सात लेकरं आली आहेत. एकाचा परवा अठ्ठाविसावा दिवस होता. ‘होय’ लिहिलं, आणि त्याच्या आईला समोर बसवून अर्थ सांगितला. ती रडली, आणि मग विचारायला लागली, श्वास मोजायचे कसे.

पंचशीला


मुरुड, जि. लातूर
१९ मे १९८३

सिस्टर पंचशीलाताई यांना सिंधुचा नमस्कार.

ताई, मी पहिल्यांदाच एवढं मोठं पत्र लिहीत आहे. चुकलं तर समजून घ्या.

पोर आहे. लातूरला एकवीस दिवस ऑक्सिजनवर होती. दोनदा डॉक्टरांनी नळी काढली आणि दोनदा परत लावली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा आम्ही तिघं तिच्या ओठांकडे बघत होतो, कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. ओठ तसेच लाल राहिले. तीस तारखेला घरी आणलं. आता वजन दोन किलो पाचशे आहे. अजून दम लागतो, पिताना मधेच थांबते, पण परत तोंड लावते. डॉक्टर म्हणाले, पुढचे दोन हिवाळे जड जातील.

मामंजींनी तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुमचं पत्र वाचून ते आधी चिडले. तिसऱ्या दिवशी ते पत्र त्यांनी आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. मी आत होते, सगळं ऐकलं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “चहाचं तिचं खरं हाय. ते माझं चुकलं. पर पोरीचं खरं न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं ते मला लग्नाला तीन वर्षं होऊनही माहीत नव्हतं. माझ्या मालकांच्या आधी आत्याबाईंना सातव्या महिन्यात मुलगा झाला होता. तो दोन दिवसांनी गेला. तेव्हा सुईण म्हणाली होती, सातव्याचा पोरगा राहत नाही, पोरगी राहते, पोरीचा जीव चिवट असतो. म्हणून त्यांनी काचेतून बघून तुम्हाला तसं विचारलं. त्या म्हणाल्या, “मला तिच्या तोंडून ऐकायचं हुतं, की व्हय बाई, पोरगीच हाय, ऱ्हाईल. पर ती मान हलवून गेली निघून.” हे सांगताना त्या रडल्या. तुम्हाला हे कळवा असं त्यांनीच सांगितलं. घरी आलात तर चहा त्या स्वतः तुमच्यासोबत बसून पितील, असंही म्हणाल्या.

मामंजींना तुमचं बारा तारखेचं पत्र काल मिळालं. ते वाचून त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. मी दाराआड उभी राहिले तर म्हणाले, आड राहून चालायचं नाही, तुझा आवाज मला नीट ऐकू आला पाहिजे. मग म्हणाले, सिस्टरला तूच लिही, माझ्या आकड्यावर त्यांनी आता विश्वास ठेवू नये. ऑफिसात त्यांनी टँकरच्या वह्याही गावांत जाऊन बायकांना विचारून नव्यानं लिहिल्या. साहेब खूप बोलले म्हणे. त्याबद्दल ते घरी काही सांगत नाहीत.

आता रोज सकाळी मी मोजते आणि ते लिहितात. मला पहिले दोन-तीन दिवस त्यांच्यासमोर तोंडातून शब्द फुटत नव्हता, मी बोटांनी दाखवायचे. ते म्हणायचे, बोटं दिसत नाहीत, चष्मा नाही. चष्मा नाकावरच असायचा.

ताई, मला तुमचा राग नाही. त्या दोन दिवसांत तुम्ही चावी उघडली नसती तर मी मोजायला कुणाला घेऊन बसले असते? पण एक सांगते. लाल शाईचं मला सांगायला पाहिजे होतं. माझ्या सासूला नाही, मामंजींना नाही, मला. मी तिथे एकावन्न दिवस तुमच्या शेजारी बसून होते.

आज सकाळी ती उजव्या कुशीवर झोपली होती. मी मामंजींचं घड्याळ घेतलं आणि मिनिटभर मोजलं. मी म्हणाले, “एकसष्ट.” त्यांनी लेखणी थांबवली. म्हणाले, “साठ लिहू का? एकानं काय होतंय. तुझ्या सिस्टरबाईच्या जिवाला जरा थंड वाटंल.”

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, “न्हाई मामंजी. एकसष्ट हायत.”

त्यांनी एकसष्ट लिहिलं.

सिंधु